चंपतराव मिस्त्री कन्याकुमारीला निघाले

माझे वडील चंपतराव एकतीस वर्षं रोड मिस्त्री होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात, बुटीबोरीपासून जामपर्यंतच्या रस्त्यावर. आम्ही राहायचो नागपुरात, सोमलवाड्याला, वर्धा रोडला लागून. तेव्हा सोमलवाडा म्हणजे गावच होतं. घरापुढं विहीर, मागं कोणाची तरी तूर, आणि रस्त्यावरून दहा-पंधरा मिनिटांनी एखादा ट्रक. बाबा सोमवारी सकाळच्या एस.टी.नं जायचे आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचे. मधले सहा दिवस त्यांचा मुक्काम जामजवळच्या खात्याच्या चौकीत. आई, मोठी ताई आणि मी, आम्हा तिघींना बाबा म्हणजे रविवार, असंच वाटत असे.

खड्डे बुजवणं, कडेच्या नाल्या उपसणं, पावसाळ्याच्या आधी पुलांखालचा गाळ काढणं ही त्यांची कामं. पण त्यांना खरी आवड होती ती रस्त्याकडेचे दगड रंगवायची. दरवर्षी दिवाळी झाली की टोळीतले मजूर दगडांना पांढरा आणि पिवळा रंग द्यायचे, आणि त्यावरची काळी अक्षरं बाबा स्वतः काढायचे. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर असं की गावातल्या लग्नपत्रिकांचे पत्ते त्यांच्याकडून लिहून नेत. 'हिंगणघाट' मधला 'घ' आणि 'ट' यांच्यात किती जागा सोडायची यावर ते आमच्याशी जेवताना बोलायचे. आई म्हणायची, ट्रकवाल्याला काय करायचं त्या जागेचं.

त्रेसष्ट साली मैल जाऊन किलोमीटर आले. सगळे जुने दगड उपटायचे, साखळी धरून रस्ता नव्यानं मोजायचा आणि नव्या जागी नवे दगड रोवायचे, असं ते काम होतं. त्यावर भैय्याजी नावाचे ओव्हरसियर होते. एके दिवशी त्यांनी जीपच्या बॉनेटवर मोठा नकाशा पसरला. बाबांनी त्याआधी नकाशा असा जवळून पाहिला नव्हता. मध्ये नागपूर, आणि तिथून एक लाल रेघ खाली खाली जात थेट समुद्रात बुडाली होती. बाबांनी विचारलं, हा आपलाच रस्ता काय? भैय्याजींनी हो म्हटलं आणि बोट ठेवत नावं वाचली. आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, बंगलोर, सेलम, मदुराई, कन्याकुमारी. मग नकाशाची घडी घालताना सहज म्हणाले, "तुमचा रस्ता जामपर्यंतच आहे, मिस्त्री. पुढचा दुसऱ्यांचा."

भैय्याजींच्या मनात काही वाईट नव्हतं. ते हद्दीबद्दल बोलत होते. पण बाबांनी ते वाक्य शनिवारी घरी आणलं आणि पुढं सोळा वर्षं जपून ठेवलं.

एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात ते रिटायर झाले. पंधराच दिवसांत धरमपेठेतल्या एका प्राध्यापकांकडून जुनी हिरवी लूना घेऊन आले. आम्हाला वाटलं, सीताबर्डीहून भाजी आणायला बरी. बाबा रोज सकाळी ती घेऊन कधी बुटीबोरीपर्यंत, कधी कळमेश्वरकडं जाऊन यायचे. प्लग काढून घासायला शिकले, चेन बसवायला शिकले, पंक्चर काढायला शिकले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जेवता जेवता त्यांनी सांगितलं की रविवारी कन्याकुमारीला निघतो. एकटाच. रस्त्यानं.

आईचं नाव मनकर्णा. तिनं त्यांच्या ताटात भाकर वाढली. मग भांडी आवरताना म्हणाली, "नोकरीत होते तवा सहा दिवस रस्त्यावर. आता रिटायर झाले तं अजून रस्ताच. घर कधी पाहान तुम्ही?"

बाबा म्हणाले, महिन्याभरात येतो. शेजारचे महादेवराव समजवायला आले, वयाची आठवण दिली, लूनाला खटारा म्हणाले. बाबा ऐकून घेत होते आणि हँडलला पिशवी कशी बांधावी ते पाहत होते. आईनं चार दिवस अबोला धरला. पण शनिवारी तिनं तिखट-मिठाच्या पुऱ्या केल्या, लसणाची चटणी कुटली आणि चिवडा डब्यात भरून तो डबा स्वतः पिशवीत घातला. रविवारी सकाळी बाबा निघाले तेव्हा ती आत तांदूळ निवडत बसली होती.

पुढं जे झालं ते मला बाबांच्या पोस्टकार्डांवरून आणि नंतर त्यांनी सांगितल्यावरून ठाऊक आहे. जाम आलं तेव्हा ते थांबले. चौकीपाशी टोळीतले लोक चहा पीत होते. त्यांना वाटलं मिस्त्री भेटायला आले. बाबांनी चहा घेतला, लूना सुरू केली आणि हिंगणघाटच्या दिशेनं निघाले. हिंगणघाटला ते बसनं चारदा-पाचदा गेले असतील, पण जामच्या पुढचा दगड आपण रंगवलेला नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, असं ते सांगत.

लूना ताशी तीसच्या वर जात नसे. दर तासा-दीड तासानं इंजिन थंड करायला थांबावं लागे. बाबा तेवढ्या वेळात रस्ता पाहायचे. कोणत्या पुलाचा कठडा नवा आहे, कुठं मुरूम चांगला आहे, कुठं नाली तुंबलेली आहे. पेनगंगा ओलांडून आंध्रात शिरले आणि दगडांवरची देवनागरी अक्षरं कमी होत गेली. निर्मलच्या घाटात चढावर पायडल मारावं लागलं, आणि मागून येणारा एक ट्रकवाला त्यांच्या चालीनं हळूहळू वर आला, कारण वळणावर त्यांना कोणी धडक देईल अशी त्याला भीती वाटली. वर पोचल्यावर त्यानं नुसता हात वर केला आणि निघून गेला. हे बाबांनी हैदराबादहून टाकलेल्या कार्डात लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'पुऱ्या संपल्या. चटणी आहे.'

आई कार्ड वाचायला लावायची. तिला वाचता येत नव्हतं. एकदा वाचून झालं की म्हणायची, पुन्हा वाच.

हैदराबादपर्यंत हिंदीवर भागलं. कर्नूलच्या पुढं बोलणं हातांवर आलं. पण भूक, पाणी, पेट्रोल आणि झोपायला ओटा, एवढंच तर मागायचं होतं. गुत्तीच्या पुढं एका सकाळी त्यांना रस्त्याकडेला एक माणूस उकिडवा बसलेला दिसला. समोर किलोमीटरचा दगड, शेजारी काळ्या रंगाचा डबा. बाबांनी लूना उभी केली आणि जाऊन बसले. तो माणूस तेलुगूत काही म्हणाला. बाबांनी आधी दगडाकडं बोट केलं, मग स्वतःकडं, आणि हवेत ब्रश फिरवून दाखवला. त्या माणसाला कळलं. त्यानं ब्रश पुढं केला. दगडावर आकडे काढायचे राहिले होते, आणि आकडे दोघांचेही सारखेच होते. बाबांनी 'अनंतपूर' या तेलुगू नावाखाली आकडा काढला. त्या माणसानं मान तिरपी करून तो पाहिला, आणि मग पुढच्या दगडापर्यंत त्यांना चालत घेऊन गेला. तिथंही त्यानं ब्रश त्यांच्याच हाती दिला. असे पाच दगड झाले. दुपारी दोघांनी मिळून त्याच्या डब्यातला भात आणि बाबांची लसणाची चटणी खाल्ली. त्याचं नाव बाबांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. पण म्हणायचे, "माणूस हुशार होता. ब्रश कोरडा होऊ देत नोता."

अनंतपूरहून कार्ड आलं, बंगलोरहून आलं. त्यानंतर सात दिवस काही आलं नाही. आठव्या दिवशी तार आली, इंग्रजीत. चंपतराव तापानं आजारी, काळजी नसावी, घरच्यांनी यावं. खाली सेलमजवळच्या एका गावाचा पत्ता.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. ताई लग्न होऊन रायपूरला गेली होती. आईनं तार दोनदा वाचून घेतली, लुगडी गाठोड्यात बांधली आणि म्हणाली, चाल. ती त्याआधी वर्ध्याच्या पलीकडं गेलेली नव्हती. नागपूरहून मद्रास, तिथून गाडी बदलून सेलम. दोन दिवस ती खिडकीशी बसून होती आणि मनातल्या मनात भांडण रचत होती, हे मला तिच्या ओठांवरून दिसत होतं.

ते घर पेरियासामी नावाच्या माणसाचं होतं. साबुदाण्याच्या कारखान्यात तो वाळवणाच्या अंगणावर मुकादम होता. त्या अंगणालगतच बाबा लूनावरून उतरले होते, कारण अंग फणफणत होतं आणि रस्ता दोन दोन दिसू लागला होता. उतरले आणि तिथंच खाली बसले. पेरियासामीनं त्यांना बैलगाडीत घालून घरी नेलं. डॉक्टर म्हणाले हिवताप आहे. पिशवीत न लिहिलेली पोस्टकार्डं निघाली, त्यांवर बाबांनी आधीच आमचा पत्ता घालून ठेवला होता. कारखान्याचा कारकून तो पत्ता पाहून चकित झाला. त्यांचा साबुदाणा नागपूरच्या इतवारीत जायचा. त्यानंच तार केली.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर बाजेवर बसून होते. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. आईला पाहून उठायला लागले. आईनं रचून आणलेलं भांडण कुठं गेलं कोण जाणे. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मग पेरियासामीच्या बायकोला, कमलम्‌ला, विचारलं की यांना खायला काय देता. मराठीत. कमलम्‌नं तमिळमध्ये उत्तर दिलं. दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

पाच-सहा दिवसांत बाबांचा ताप पूर्ण गेला. ते अंगणात फिरू लागले. आईसुद्धा त्यांच्याबरोबर वाळवणाच्या अंगणावर गेली, आणि तिथं तिनं जे पाहिलं त्यावर तिचा विश्वास बसेना. मातीतून निघालेली लांबलचक मुळं, ती धुऊन, किसून, त्यांचं दूध काढून, त्याचे दाणे पाडून सिमेंटच्या अंगणभर ऊन दाखवलं होतं. नजर जाईल तिथवर साबुदाणा. चाळीस वर्षं उपास केले, म्हणाली, आणि मले वाटे हे झाडाले लागते.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले की उद्या सेलमला जाऊन परतीची तिकिटं काढतो. लूना लगेजच्या डब्यात टाकू. आईनं विचारलं, "इथून अजून किती हाय तुमचा तो समुद्र?"

"पावणेपाचशे किलोमीटर. पण राहू दे आता. खूप झालं."

"कोणाले खूप झालं?"

बाबांना लाज वाटत होती. आपल्यापायी बायको-पोरीला एवढं लांब यावं लागलं, परक्या माणसांना आपलं करावं लागलं, हे त्यांच्या खाली घातलेल्या मानेतच दिसत होतं. आई बाजेच्या कडेला बसली. ती हळू बोलत होती, जणू माझ्यापासूनही लपवून.

"एकतीस वर्ष तुम्ही त्या रस्त्यावर होते आन् मी घरी होतो. मले राग येत होता, आताबी येते. पण तुम्ही इथून परत गेले तं रोज त्या ओट्यावर बसून इकडंच पाहान. ते मले पाहवणार नाही. डॉक्टर हो म्हणत असन तं जा. मी इथंच राहीन तुम्ही येतपर्यंत."

"इथं? तुले इथली भाषा येत नाही वं."

"तुमाले कुठं येत होती?"

डॉक्टरांनी आणखी तीन दिवस थांबायला लावलं आणि मग परवानगी दिली. चौथ्या दिवशी सकाळी बाबा पुन्हा निघाले. या वेळी आई दारात उभी होती. तिच्या शेजारी कमलम्. पेरियासामीनं लूनाच्या टायरांत हवा भरून दिली होती.

बाबा परत येईपर्यंतचे ते नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं मला आता वाटतं. तेव्हा मी अभ्यास बुडतो म्हणून कुरकुरत होते. आई सकाळी कमलम्‌बरोबर विहिरीवर जायची. कमलम् तिला तमिळ शब्द सांगायची, आई ते वऱ्हाडी करून म्हणायची आणि दोघी हसून लोटपोट व्हायच्या. एकादशी आली. आईनं साबुदाणा भिजवला, शेंगदाण्याचं कूट केलं, मिरच्या-जिऱ्याची फोडणी दिली आणि खिचडी केली. पेरियासामीचं सगळं आयुष्य साबुदाणा वाळवण्यात गेलं होतं. पायसम, म्हणजे खीर, त्याला ठाऊक होतं, पापड ठाऊक होते. हा प्रकार त्यानं पाहिलाच नव्हता. त्यानं पहिला घास घेतला, थांबला, आणि ताटली घेऊन उठून शेजारच्यांना दाखवायला गेला. दुसऱ्या दिवशी आईला गल्लीतल्या सात बायकांसाठी पुन्हा खिचडी करावी लागली. उपास नसताना.

दुपारी मात्र ती ओसरीवर बसून रस्त्याकडं पाहायची. लूनाच्या आवाजासारखा आवाज आला की उठायची. माझं लक्ष गेलं तर पदर झटकायची.

नवव्या दिवशी दुपारी बाबा आले. काळे झाले होते, ओठ फुटले होते. पाणी प्यायले. आईनं विचारलं, पोचले का? ते हो म्हणाले. कसं आहे, तर म्हणाले, पाणीच पाणी आहे. एवढंच. पुढं हळूहळू, कधी गाडीत, कधी घरी, त्यांनी बाकीचं सांगितलं. मदुराईच्या पुढं वारा एवढा की लूना कडेला सरकायची. शेवटी रस्ता शंख-शिंपल्यांच्या दुकानांमधून जातो आणि संपतो. तिथं एका पोलिसानं त्यांना लूना हलवायला सांगितली. ती त्यांनी एका चहावाल्याकडं ठेवली, चपला काढल्या आणि पाण्यात गुडघ्यापर्यंत उभे राहिले. वाटलं होतं की तिथं दिवसभर बसू. पण अर्ध्या तासानं करमेना. "माझं अर्धं ध्यान इकडंच होतं," ते म्हणाले. आईसाठी त्यांनी तिथल्या सात रंगांच्या वाळूची पुडी आणली होती. आईनं ती वास घेऊन पाहिली आणि पदरात बांधली.

आम्ही मद्रासमार्गे रेल्वेनं परतलो. लूना लगेजच्या डब्यात आली. पेरियासामीकडून पुढं सहा-सात वर्षं पत्रं येत राहिली. तिथला कारकून इंग्रजीत लिहायचा, मी इथून उत्तर द्यायचे, आणि आई मजकूर सांगायची. तो कधी दोन ओळींचा नसे.

सोमलवाड्याचे लोक बाबांना कन्याकुमारीबद्दल विचारायचे. बाबांचं सांगणं फार तर दहा मिनिटांत संपायचं. मग ते आईकडं पाहायचे, आणि आई पुढं तासभर सांगायची. नकाशातली ती रेघ वर जबलपूर, बनारसलाही जाते, हे तिला माझ्याकडून कळलं होतं. दर हिवाळ्यात ती म्हणायची, आता तिकडचंही करून या. बाबा म्हणायचे, पाहू. ते गेले नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, मन भरलं. मला ते पटलं नव्हतं. त्यांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, आणि आईच्या हातची दुपारची भाकर गरम खायची त्यांना सवय झाली होती. एकतीस वर्षांत ती रविवारखेरीज मिळाली नव्हती.

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये ताईला दुसरं बाळ व्हायचं होतं. रायपूरला जायला हवं होतं. मला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती, रजा मिळेना. बाबा म्हणाले, मी सोडून येतो. आईनं नको म्हटलं. एकटीच जाते म्हणाली. बाबांनी तिला एस.टी. स्टँडवर नेलं, मीही गेले. बाबा तिला खिडकीतून सांगत राहिले की गाडी कुठं थांबते, कुठं उतरायचं नाही, पाणी कुठं चांगलं मिळतं. भंडारा, साकोली, देवरी. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"मले माहीत नसन ते इचारत जाईन गा," ती म्हणाली. सगळ्यांसमोर तिनं त्यांना असं जवळिकीनं 'गा' म्हटलेलं मी तेवढंच एकदा ऐकलं.

गाडी हलली. आईनं मागं वळून पाहिलं नाही, ती शेजारच्या बाईला काही तरी विचारत होती. बाबा फाटकापर्यंत गाडीमागं चालत गेले, मग थांबले.

"पोचते ते बरोबर," मला म्हणाले, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.